कानामागचे यंत्र आणि यंत्रामागची माणसे

न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुसंख्य माणसांना वाचता येत नव्हते. ऐकता मात्र येत होते. आपल्या समाजाचे शिक्षण कितीतरी काळ कानांवाटेच झाले. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे, ते उगीच नव्हे. आपल्या सातारा-सांगलीकडचेच पाहा. १९४३ ते १९४६ या काळात इथे प्रतिसरकार उभे राहिले, ते पुस्तके वाचून नव्हे. क्रांतिसिंह नाना पाटलांचे रांगडे भाषण आणि शाहिरांची डफावरची थाप गावोगावच्या लोकांनी ऐकली आणि माणसे उठली. कामगार चळवळ तर दारसभांवर वाढलेली. भोंगा वाजला, पाळी सुटली की फाटकासमोर पाच मिनिटांत जे कानावर पडेल, तेच आमचे वर्तमानपत्र.

म्हणूनच ज्याला ऐकू येत नाही, तो माणूस आपल्या समाजात केवळ एका इंद्रियाला मुकत नाही. तो सभेला मुकतो, कीर्तनाला मुकतो, पारावरच्या गप्पांना मुकतो. जन्मतःच ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाला तर आपण ‘मूकबधिर’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः बहुतेक अशा मुलांच्या जिभेत वा कंठात काही दोष नसतो. जी भाषा कानावर पडली नाही, ती तोंडातून यायची कशी?

अशा माणसाच्या कानाच्या आत तार बसवून त्याला नाद ऐकवण्याची विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली. तिचा इतिहास मी येथे सांगणार आहे. मी कर्णवैद्य नाही. माझी शाळा सातवीतच सुटली आणि पुढचे शिकणे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कारखान्यात यंत्र कोण शोधतो आणि ते चालते कोणामुळे, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. त्या नजरेने हा इतिहास वाचला, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती आपणांपुढे ठेवतो.

प्रथम कान म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी मिरजेला जावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर दांडी, तारा आणि घोडी. घोडीवर जवारी लावताना कारागीर तासन्‌तास कान लावून बसतो. तार लांब-सैल असेल तर स्वर खाली, आखूड-ताठ असेल तर वर, हे तिथले पोरही सांगेल. आपल्या कानातही असाच हिशेब आहे. बाहेरून आलेली लाट कानाच्या पडद्यावर आदळते, तीन इवल्याशा हाडांतून आत जाते आणि गोगलगाईच्या शंखासारख्या एका वळणदार नळीत शिरते. हा शंख अडीच-पावणेतीन वेढ्यांचा. उलगडला तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात एक नाजूक पट्टी पसरलेली असते. तोंडाशी ती अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. उंच स्वर तोंडाशी उमटतो, खर्ज टोकाशी. या पट्टीवरून लाट कशी धावते, हे दाखवून देणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पट्टीवर केसपेशींच्या रांगा आहेत. त्यांतली आतली, सुमारे साडेतीन हजार पेशींची एकच रांग मुख्यतः मेंदूला बातमी देते. लाटेने केस वाकला की विजेची सूक्ष्म ठिणगी उठते आणि मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. साधे कर्णयंत्र आवाज मोठा करते; परंतु तार तुटलेल्या तंबोऱ्यावर कितीही जोराने बोट फिरवले तरी स्वर कुठून येणार? पेशी मेल्या, पण मागचा मज्जातंतू शाबूत आहे, अशा वेळी पेशींना वगळून थेट तंतूलाच वीज द्यायची, ही कॉक्लिअर इम्प्लांटची मूळ कल्पना होय.

वीज आणि श्रवण यांची गाठ प्रथम घातली ती व्होल्टाने. विजेचा घट शोधणाऱ्या या इटालियन पंडिताने दोन धातूच्या कांड्या आपल्याच दोन कानांत घालून प्रवाह सोडला आणि १८०० साली तो अनुभव लिहून ठेवला. डोक्यात हिसका बसला आणि काहीतरी दाट पदार्थ रटरटा उकळावा तसा आवाज आला. हा प्रयोग पुन्हा करण्याची त्याला इच्छा झाली नाही!

त्यानंतर दीडशे वर्षे गेली. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो हा शरीरशास्त्रज्ञ आणि शार्ल एरिएस हा कर्णवैद्य यांनी दोन्ही कानांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवणतंतूजवळ तारेचे वेटोळे बसवले. बाहेरून दुसरे वेटोळे धरून प्रवाह दिला की त्याला रातकिड्यांसारखा आवाज ऐकू येई, लय कळे, थोडे ओळखीचे शब्दही वेगळे पडत. बोलणे मात्र समजत नसे. यंत्र काही काळाने तुटले. दुसरे बसवले, तेही तुटले. पुढे या दोघांचे फाटले. विद्यापीठातल्या संशोधनावर कुणी नफा कमवावा, हे जूर्नो यांना मान्य नव्हते. काम तिथेच थांबले.

पण बातमी थांबली नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विल्यम हाऊस या डॉक्टरकडे एका रुग्णाने या प्रयोगाचे कात्रण आणून दिले. मित्रहो, हे ध्यानात घ्या : विद्येची ठिणगी एका देशातून दुसऱ्या देशात नेली ती रुग्णाने. हाऊसने १९६१ साली पहिल्या शस्त्रक्रिया केल्या. परंतु शरीराने ते साहित्य स्वीकारले नाही आणि तारा काढाव्या लागल्या. पुढे जॅक अर्बन या अभियंत्याच्या साहाय्याने त्याने अंगावर बाळगता येईल असे एका तारेचे यंत्र तयार केले. विद्वान मंडळींनी त्याची टर उडवली. एका तारेने हजारो पेशींचे काम कसे होणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचाही नव्हता. १९७७ साली अमेरिकन सरकारच्या पैशाने पिट्सबर्गच्या रॉबर्ट बिल्गर यांनी अशी यंत्रे लावलेल्या १३ जणांची कसून तपासणी केली. नुसत्या यंत्राने बोलणे समजत नाही, पण ओठ वाचायला आणि स्वतःचा आवाज सावरायला त्याचा उपयोग होतो, असे दिसले. थट्टा बंद झाली. १९८४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला प्रौढांसाठी मान्यता दिली.

एका तारेवरून अनेक तारांकडे जाणे ही पुढची पायरी. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याने १९७७ च्या डिसेंबरात आपले अनेक तारांचे यंत्र बसवले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ग्रॅहम क्लार्क हे त्याच ध्यासाने झपाटलेले होते. त्यांचे वडील औषधविक्रेते. त्यांना कमी ऐकू येई, आणि गिऱ्हाइकाला तीच गोष्ट पुन्हा मोठ्याने सांगावी लागते, हे क्लार्क यांनी लहानपणी पाहिले होते. संशोधनाला पैसा मिळेना, तेव्हा १९७४ साली मेलबर्नच्या दूरचित्रवाणीवरून लोकांकडे वर्गणी मागण्यात आली. तार शंखाच्या वळणांत जाईना, ही मोठी अडचण होती. १९७७ साली समुद्रकिनारी बसले असता क्लार्क यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वळणावळणाने आत जाते, हे त्यांना दिसले. तारही तशीच केली. १ ऑगस्ट १९७८ रोजी रॉड साँडर्स या गृहस्थांच्या कानात ती बसवली. मोटारीच्या अपघातात त्यांचे ऐकणे गेले होते. चाचणीच्या वेळी राष्ट्रगीताची चाल वाजवली, तशी ती ओळखून ते उठून उभे राहिले. पुढे २२ इलेक्ट्रोडांचे यंत्र निघाले. त्याला अमेरिकेत १९८५ साली प्रौढांसाठी आणि १९९० साली मुलांसाठी मान्यता मिळाली.

तरीही एक घोटाळा उरला होता. सगळ्या तारांतून एकाच वेळी प्रवाह सोडला की शंखातल्या द्रवात तो एकमेकांत मिसळे आणि सगळा कालवा होई. १९९१ साली ब्लेक विल्सन या अमेरिकन अभियंत्याने उपाय प्रसिद्ध केला. एका क्षणी एकाच तारेतून ठोका द्यायचा. त्यानंतर दुसरीतून, मग तिसरीतून. मात्र इतक्या वेगाने की मेंदूला ते सलग वाटावे. आमच्या सभेत याहून वेगळे काय असते? सगळे एकदम बोलले की कुणाचेच ऐकू येत नाही. पाळीपाळीने बोलले की प्रत्येकाचे पोहोचते. यंत्राची तार तीच, माणूस तोच; केवळ शिस्त बदलली आणि अनेकांना ओठांकडे न पाहता बोलणे समजू लागले. २०१३ साली क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना मिळून लास्कर पारितोषिक देण्यात आले. जगात बसवलेल्या अशा यंत्रांच्या संख्येने २०२२ च्या सुमारास दहा लाखांचा टप्पा गाठला.

आजचे यंत्र दोन भागांचे असते. कानामागे बसणारा बाहेरचा भाग आवाज टिपतो, त्याचे पृथक्करण करतो आणि चुंबकाने चिकटलेल्या वेटोळ्यातून कातडीपलीकडे पाठवतो. आतला भाग त्याचे विजेच्या ठोक्यांत रूपांतर करून शंखातल्या तारेला देतो. बाहेरचा भाग नकोच, सर्व काही कातडीखालीच असावे, असे यंत्र २०२० साली युरोपात चाचणीसाठी माणसांत बसवले गेले. ज्यांचा शंख ठीक आहे, पण बाहेरची वाट बंद आहे, त्यांच्यासाठी कवटीच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून हाडातूनच आवाज नेण्याची युक्ती स्वीडनमधल्या गोटेबोर्ग येथे १९७७ सालीच निघाली. आणि जन्मजात बहिरेपणाच्या एका विशिष्ट प्रकारात सदोष जनुकाची जागा भरून काढून सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागल्याचे शांघायच्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केले.

इतके झाले तरी यंत्राची मर्यादा सांगितली पाहिजे. आपल्या संगीतात श्रुती २२ आणि त्या यंत्रात इलेक्ट्रोडही २२. पण हा योगायोग फसवा आहे. आपल्या बावीस श्रुती एका सप्तकात बसतात, यंत्राच्या बावीस जागांवर मात्र साऱ्या श्रवणाचा भार असतो. जिथे साडेतीन हजार पेशी होत्या, तिथे बावीस माणसे पाळीला उभी केल्यासारखे हे आहे. म्हणून बोलणे समजते, ताल उत्तम कळतो. परंतु मिरजेच्या तंबोऱ्याची आस त्यातून जशीच्या तशी ऐकू येत नाही.

मग उरलेली उणीव कोण भरून काढतो? माणूस. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची. तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी मूल ‘आई’ म्हणत नाही. बहुधा ते दचकते वा रडते. त्याला हा नुसता गोंगाट असतो. मग प्रत्येक तारेचा प्रवाह त्याला सोसेल तसा पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. भांडे पडले, दार वाजले, कोंबडा आरवला, हे एकेक ओळखायला शिकवावे लागते. आ, ऊ, ई, श, स, म हे सहा आवाज रोज सकाळी आईने मुलाच्या मागून उच्चारावेत आणि मुलाने ओळखावेत, अशी एक सोपी चाचणी आहे. ‘म’ खालच्या पट्टीतला, ‘स’ अगदी वरच्या. सहाही ऐकू आले तर यंत्र ठीक समजावे. ही वर्षानुवर्षांची मेहनत असते आणि ती मुलाच्या मायबोलीतच व्हावी लागते. ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांतला फरक मेलबर्नचे यंत्र शिकवणार नाही. तो मराठी शिकवणारा माणूसच शिकवील.

आपल्या देशात ही विद्या मोठ्या शहरांतून आली. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झाली. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे या शस्त्रक्रियेच्या भारतातल्या अग्रणींपैकी एक. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. यंत्रे मुख्यतः परदेशी कंपन्यांची, म्हणून किंमत लाखांत. देशी यंत्र व्हावे म्हणून डॉ. अब्दुल कलाम यांच्या प्रेरणेने विशाखापट्टणमच्या संरक्षण प्रयोगशाळेने काम हाती घेतले. २०१४ साली केंद्र सरकारने अपंगांना साधने देण्याच्या आपल्या योजनेत सहा लाख रुपयांपर्यंतचे हे यंत्र गरीब घरच्या मुलांसाठी आणले आणि त्याचे काम वांद्र्याच्या संस्थेकडे सोपवले. त्याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्या पालघरातूनच राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन पथकाने मुले तपासायची, आणि त्यात जन्मजात बहिरेपणही पाहायचे, अशी ही योजना आहे.

म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे, योजनाही आहे. मग अडते कुठे? अडते ते वेळेपाशी आणि अंतरापाशी. हजार जन्मांत एक ते तीन मुलांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. पहिल्या महिन्यात तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपाय, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. कारण भाषा घेण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त असते. आपल्याकडे मात्र ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला होता’ असे म्हणत आजी दोन वर्षे काढते. ऊस तोडायला दरवर्षी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत येणाऱ्या मजुरांचे मूल तर ना इथल्या अंगणवाडीच्या यादीत, ना तिकडच्या. सांगलीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. यंत्र जुळवायला जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. कानामागच्या वेटोळ्याची तार तुटली, बॅटरी संपली किंवा यंत्र पावसात भिजले, तर लाखांचे साधन डब्यात पडून राहते आणि मूल पुन्हा शांततेत जाते. कारखान्यात सुटा भाग नाही म्हणून यंत्र बंद पडले तर व्यवस्थापक धावत येतो. इथे कोण येणार?

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला आरंभी शेतकरी हात लावीत नसत; लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. तो समज जाहिरातीने नव्हे, शेजारच्याच्या शेतातले पीक पाहून गेला. डोक्याच्या शस्त्रक्रियेची आई-बापांची भीती अशीच जाईल. गावातले एक मूल बोलताना दिसले की दहा घरे तपासणीला येतील.

माझ्या क्षेत्राशी संबंधित एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. विट्याकडे यंत्रमागांच्या खडखडाटात उभे आयुष्य काढलेले कामगार मी रोज पाहतो. त्यांतले कित्येक सभेत पहिल्या रांगेत बसून माझ्या ओठांकडे पाहतात. आवाजामुळे येणारे बहिरेपण हा व्यवसायजन्य रोग म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत घातला गेला होता. पण या रोगाला वेदना नाही, रक्त नाही, म्हणून तक्रारही नाही. मेलेल्या केसपेशींना कोणतेही इम्प्लांट जिवंत करीत नाही. ते फक्त त्यांना वळसा घालते. यंत्राला वंगण, खोलीला आवाज शोषणारे अस्तर आणि कामगाराच्या कानाला बोंडे, हा खर्च एका इम्प्लांटच्या तुलनेत किती किरकोळ आहे, याचा हिशेब मालकांनी आणि संघटनांनीही मांडावा.

आणखी एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. कर्णबधिरांचा स्वतःचा एक समाज आहे, त्यांची खुणांची भाषा आहे आणि ती पूर्ण भाषा आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे नुकसान झाले. आपल्याकडे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत निघाले. प्रत्येकाला यंत्र बसेलच असे नाही, आणि प्रत्येकाला ते हवे असेल असेही नाही. यंत्राच्या नावाखाली खुणांची भाषा हिरावून घेणे हा अन्याय होईल. मुलाला भाषा मिळाली पाहिजे, ही खरी मागणी. ती कानाने मिळो वा हाताने.

या इतिहासातून मला दिसलेली गोष्ट ती हीच. पॅरिसचे यंत्र तुटले, कारण त्याच्यामागे संस्था राहिली नाही. मेलबर्नचे टिकले, कारण त्यामागे वर्गणी देणारे लोक, शस्त्रवैद्य, अभियंता, उच्चार शिकवणारे शिक्षक आणि चाचणीला तासन्‌तास बसणारे रुग्ण होते. शोध एकाच्या नावावर जातो. चालतो मात्र अनेकांच्या श्रमाने.

आपल्या जिल्ह्यांत ही संस्था उभारण्याची सामग्री आहे. मिरजेला १८९४ पासून डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयाची परंपरा आहे आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कऱ्हाडला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालते. साताऱ्यालाही २०२१ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झाले. मागण्या मोजक्या आहेत. प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक बाळाचा कान तपासला जावा. ऊसतोड मजुरांच्या तळांवर पथक जावे. मुलाला ऐकायला-बोलायला मराठीतून शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी पगारावर नेमला जावा. आणि यंत्राची तार, वेटोळे, बॅटरी यांचा साठा जिल्ह्याच्या ठिकाणी राहावा. त्यासाठी साखर कारखाने, पतसंस्था आणि कामगार संघटना यांनी मिळून निधी उभारावा. ज्या सातारा-सांगलीने सहकाराने एवढे कारखाने उभे केले, तिला एका तारेचा साठा करणे जड जाऊ नये.